टिलर पायलट, पोळपाट आणि चिवड्याचा डबा

नाशिकमध्ये राहून बोटीच्या ऑटोपायलटवर लिहितोय म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की बोट चालवता कुठे, रामकुंडात का. तर सांगून टाकतो. आम्ही चौघं मित्र, शीड सोडायला शिकलो गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, मग खाज वाढली आणि चौघांनी पैसे काढून एक जुनी 26 फुटी शिडाची बोट घेतली, ती मुंबईच्या बंदरात मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली असते आणि पावसाळ्यात वर काढतो. तिला चाक नाही, टिलर आहे, म्हणजे सुकाणूचा लाकडी दांडा. त्यावर टिलर पायलट बसतो, हातभर लांबीची काळी नळी, एक टोक बोटीच्या कडेच्या खाचेत आणि दुसरं टोक, रॅम, टिलरवरच्या पिनवर. रॅम आतबाहेर होतो, टिलर ढकलला-ओढला जातो, बोट सरळ जाते. जूनमध्ये बोट वर काढली की हा पायलट टॉवेलमध्ये गुंडाळून कसारा घाट चढून आमच्या घरी येतो, त्यामुळे त्याची पोटातली कामं सगळी नाशिकलाच होतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच आहे. साध्या ऑटोपायलटला फक्त दिशा कळते. आत एक इलेक्ट्रॉनिक कंपास असतो, तुम्ही ऑटो दाबलं त्या क्षणी बोटीचं नाक जिकडे होतं तो आकडा तो धरून ठेवतो आणि फरक पडला की सुकाणू हलवतो. पुढे खडक आहे, जाळं आहे, पाणी उथळ होतंय, प्रवाह बोटीला आडवा नेतोय, यातलं त्याला काही कळत नाही. आमच्या शेजारी ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले काका राहतात, मी कौतुकाने पायलट दाखवायला गेलो तर हातात घेऊन म्हणाले, "चांगलाय रे, पण आमच्या विमानाला वर आकाशात दगड लागत नाहीत, तुला पाण्यात लागतात."

आता विजेपासून सुरू करतो, कारण "पायलट बिघडला" म्हणून जेवढ्या वेळा आम्ही ओरडलो तेवढ्यातल्या बहुतेक वेळा पायलट बरा होता आणि वायर आजारी होती. लक्षण असं की नुसता चालू ठेवला तर छान, डिस्प्ले स्वच्छ, पण लाट आली, मोटरने जोर लावला की डिस्प्ले मिणमिणतो, बीप वाजतो आणि साहेब आपोआप स्टँडबायला, म्हणजे चालू आहेत पण सुकाणू सोडून दिलंय. हे व्होल्टेज ड्रॉप. बॅटरीवर 12.6 दिसतात पण सॉकेटवर मोटर फिरताना किती येतात ते बघायचं. मल्टीमीटर सॉकेटला लावा, दुसऱ्याला टिलर हाताने थोडा अडवून धरायला सांगा म्हणजे मोटरवर लोड येईल, आणि तेव्हा आकडा वाचा. 11 च्या खाली घसरत असेल तर वायर, फ्यूज होल्डर नाहीतर सॉकेट यातलं काहीतरी गेलंय. आमच्याकडे जुन्या मालकाने घरातल्या ट्यूबलाइटची असावी अशी बारीक वायर टाकली होती, ती काढून 4 स्क्वेअर एमएमची टिन केलेली कॉपर वायर टाकली, साधी कॉपर समुद्रावर आतून काळी पडते, बाहेरून कळतही नाही. सॉकेटच्या पिना सीझनमध्ये दोन-तीनदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायच्या, हिरवं काही दिसलं तर पुसत बसू नका, टर्मिनल कापून नवीन क्रिम्प करा. आणि पायलटला त्याचा स्वतःचा फ्यूज हवा, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकायचा हा घरगुती इलाज इथे नको, मोटर जळते.

खर्च फार नसतो तसा. आमच्यासारखा छोटा टिलर पायलट ऑटोवर सरासरी अर्धा ते दीड अँपिअर खातो. म्हणजे दहा तासाच्या रात्रीला साधारण 5 ते 15 अँपिअर-तास धरा. पण शिडं नीट लावली नसतील तर हाच पायलट सतत धापा टाकतो आणि हिशोब कोलमडतो, ते पुढे सांगतो.

आता कंपास. इथे आमची सगळ्यात मोठी फजिती झालीये आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या बाजूला चाललो होतो, दुपारचा वायव्येचा वारा छान लागलेला, पायलट ऑटोवर, खांदेरीचा दीपस्तंभ बरोब्बर नाकावर. थोड्या वेळाने बघतो तर दीपस्तंभ उजवीकडे सरकलेला. वाटलं प्रवाह असेल. कोर्स दुरुस्त केला. परत थोड्या वेळाने तो डावीकडे! वारा तोच, शिडं तीच, डिस्प्लेवर आकडाही तोच, आणि बोट मात्र हरिदासाच्या कथेसारखी इकडून तिकडे. अर्धा तास सगळे मेनू उघडून झाले. शेवटी लक्षात आलं की पायलटच्या खालीच जी बसायची फळी आहे तिच्यावर नाशिकहून आणलेला चिवड्याचा डबा, पत्र्याचा, मोठा. ज्याला भूक लागेल तो डबा उचलतो, खातो आणि परत पायलटला खेटून ठेवतो. डबा आला की कंपासला उत्तर दिशा थोडी वेगळीकडे वाटते, तो बिचारा स्वतःचा आकडा सांभाळायला बोट वळवतो, डबा गेला की परत. पंधरा-वीस अंश तरी फिरत होतो आम्ही, चिवड्याच्या तालावर.

तेव्हापासून नियम. पायलटच्या आसपास मीटरभर अंतरात लोखंड नाही, मोबाइल नाही, ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नाही कारण त्याच्यात सरळ लोहचुंबक असतो, पाने-पक्कड नाही, नांगराची साखळी नाही. मोठ्या बोटींवर कंपासचा सेन्सर वेगळा असतो आणि कुठल्यातरी कप्प्यात आत बसवलेला असतो, तिथे तर हमखास कोणीतरी टूलबॉक्स सरकवून ठेवतं. सेन्सर कुठे आहे ते शोधा आणि त्या कप्प्यावर मार्करने लिहून ठेवा, "इथे लोखंड ठेवू नये". चिवडा आता प्लास्टिकच्या बरणीत जातो.

कॅलिब्रेशन म्हणजे कंपासला बोटीच्या स्वतःच्या लोखंडाची ओळख करून देणं, इंजिन वगैरे जे हलवता येत नाही त्याची. हे घरी करून नेता येत नाही, पायलट बोटीवर त्याच्या जागी बसलेला असतानाच करायचं. शांत पाणी, वारा नसलेली सकाळ, मोकळी जागा, भरती-ओहोटीचा जोर नको. मेनूतून कंपास कॅलिब्रेशन चालू करायचं आणि इंजिनवर हळू, दोन नॉट्सच्या आत (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), मोठे गोल घ्यायचे. एक गोल पूर्ण व्हायला कमीत कमी दोन मिनिटं लागली पाहिजेत आणि निदान दोन गोल. घाई केलीत तर तो रागावतो आणि परत पहिल्यापासून. झालं की डेव्हिएशनचा, म्हणजे लोखंडामुळे कंपास किती चुकतोय त्याचा, आकडा दाखवतो ज्या मॉडेलमध्ये ती सोय आहे त्यात, आणि तो 15 अंशांच्या वर असेल तर कॅलिब्रेशनने पांघरूण घालू नका, जवळ काय लोखंडी आहे ते शोधा किंवा सेन्सरची जागा बदला. हे दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला, आणि इंजिनचं मोठं काम झालं किंवा नवीन स्पीकर-बिकर बसवला की परत.

पावसाळ्यातलं काम आता. जुलैचा एखादा रविवार, बाहेर नाशिकचा तो बारीक न थांबणारा पाऊस, आणि डायनिंग टेबलवर पेपर अंथरून पायलट उघडलेला. वॉरंटीत असेल तर उघडू नका, सरळ सर्व्हिसला द्या. आमच्याची वॉरंटी कधीच संपली. आत फार काही नसतं, एक छोटी डीसी मोटर, तिच्यावरून दात्यांचा बेल्ट, तो एक लांब स्क्रू फिरवतो आणि त्या स्क्रूवरचा नट रॅमला आतबाहेर ढकलतो. बाजूला सर्किट बोर्ड. बघायचं काय तर बेल्टखाली काळी पूड साठलीये का, म्हणजे बेल्ट झिजतोय. स्क्रूवर गंज किंवा पांढरं मीठ. बेअरिंग हाताने फिरवून खरखरतंय का. आमचं एक बेअरिंग खरखरत होतं, ते घेऊन सातपूरला बेअरिंगच्या दुकानात गेलो, त्याने व्हर्नियर लावून नंबर काढला आणि तसलंच स्टेनलेसचं दिलं, मिक्सरचं आहे का म्हणाला. नाशिकचा हा फायदा आहे बघा, समुद्र नसेल पण सातपूर-अंबडला ओ-रिंगपासून मोटर रिवाइंडिंगपर्यंत सगळं एका स्कूटरच्या फेरीत होतं.

पाणी आत शिरतं ते बहुतेक रॅम जिथून बाहेर येतो त्या सीलमधून. रॅम पूर्ण बाहेर काढा, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, मग सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. गंज सोडवायचा स्प्रे रबरावर मारू नका, काही रबर फुगतात. स्क्रूवरही ग्रीस थोडंच, थापलंत तर त्यात कचरा अडकतो. बंद करताना कव्हरची गॅस्केट चिमटली नाही ना ते बोट फिरवून बघा. आणि कधीही, म्हणजे कधीही, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, वॉटरप्रूफ लिहिलंय ते पावसाच्या सरीसाठी.

टेस्टिंग सोपं आहे आणि मला त्यातच सगळ्यात मजा येते. घरच्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून फ्यूज लावून सप्लाय घ्यायचा, इन्व्हर्टर बंद करून, आणि पायलट पोळपाटावर ठेवायचा. पोळपाटच का तर लाकडी आहे आणि गोल फिरतो, रिव्हॉल्व्हिंग खुर्चीत लोखंड असतं. ऑटो दाबा, पाच सेकंद थांबा, मग पोळपाट हळूच दहा अंश उजवीकडे फिरवा. रॅम लगेच एका बाजूला सरकला पाहिजे. परत जागेवर आणा, रॅम परतला पाहिजे. डावीकडे फिरवा, उलट. दोन्हीकडे सारखाच सरकतो का, मध्ये अडखळतो का, आवाज बदलतो का. रॅम मुळीच हलत नसेल पण हाताने प्लस-मायनस बटणं दाबल्यावर हलत असेल तर मोटर बरी आहे आणि कंपासची बाजू गेलीये, एवढं निदान घरबसल्या होतं. फक्त संध्याकाळी पोळ्यांच्या वेळेआधी पोळपाट धुऊन जागेवर ठेवा, ग्रीस लागलेला सापडला तर पुढचे सीझन विसरा.

परत बोटीवर. बसवताना मोजमाप बघा, आमच्या मॅन्युअलमध्ये टिलरवरची पिन सुकाणूच्या पिव्होटपासून 460 मिलिमीटरवर आणि टिलर मध्यावर असताना पायलट त्याला काटकोनात, आडवा लेव्हल. पिन जवळ घेतली तर ताकद पुरत नाही, लांब घेतली तर सुकाणू पुरेसं वळत नाही. पायलटला एक बारीक दोरी बांधून ती बोटीला अडकवा, कारण पिनवरून उचलताना ओल्या हातातून तो सटकला की सरळ तळाला.

सेटिंग्जमध्ये दोनच महत्त्वाची. गेन म्हणजे फरक पडला की सुकाणू किती जोरात मारायचं. मागे वळून बोटीचा पाण्यातला माग बघा, तो खरं बोलतो. सापासारखा भराभर नागमोडी असेल तर गेन जास्त झालाय, आणि बोट आरामात एकीकडे झुकत जाऊन मग उशिरा परत येत असेल तर कमी पडतोय. दुसरं सी-स्टेट किंवा डेडबँड, म्हणजे किती फरकाकडे काणाडोळा करायचा. लाटा असतील तर ते वाढवा, बोट थोडी डुलली तर डुलू द्या, प्रत्येक लाटेला उत्तर द्यायला गेला तर मोटर आणि बॅटरी दोन्ही संपतील.

आणि शिडं. वारा वाढला की बोट आपणहून वाऱ्याकडे वळायला बघते, टिलर हाताला जड लागतो. पायलट लावण्याआधी टिलर दोन बोटांनी धरून बघा, दोन बोटांनी धरता येत नसेल तर पायलटला द्यायचा नाही. मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, ढिली सोडा, नाहीतर वेळेत रीफ करा, म्हणजे शीड लहान करा, आधी बोट बॅलन्स करा मग बटण दाबा. आमच्या मीटरवर मोठ्या शिडासकट आणि रीफ घेतल्यावर यात करंटचा दुपटीचा फरक दिसलाय. वारा पाठीमागून असेल तर मी पायलट जपूनच वापरतो. एक मोठी लाट ढुंगणावर बसली आणि बोट फिरली की शीड धाडकन दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये डोकं असेल तर डोकं. निदान बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, प्रिव्हेंटरची, म्हणजे तो असा फिरू न देणारी, दोरी बांधा.

आता वापरायची शिस्त, इथे मी जरा कडक आहे, मित्र मला मास्तर म्हणतात.

समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये नियम 5 आहे, की प्रत्येक बोटीने सतत डोळ्यांनी, कानांनी आणि जे असेल त्या साधनांनी पहारा ठेवायचा. पायलट लावल्याने यातून सुटका नाही. हिशोब करून बघा. आपण 5 नॉट्सने, समोरून कंटेनरचं जहाज 18 ने, दोघं मिळून मिनिटाला 700 मीटरच्या वर जवळ येतो. हिवाळ्यातल्या सकाळी मुंबईबाहेर धुरकट असतं, जहाज तीन सागरी मैलांवर दिसलं तर हातात आठ मिनिटंसुद्धा नाहीत. आणि 18 नॉट्सचं जहाज तुमच्यासाठी ब्रेक मारू शकत नाही. त्यामुळे चहा करायला खाली जायचं असेल तर दुसरा माणूस वर, आणि एकटे असाल तर आधी सगळीकडे नजर, मागेसुद्धा, मग खाली, मोबाइलला पाच मिनिटांचा टायमर लावून, मोबाइल पायलटजवळ न ठेवता.

बंदरात, चॅनलमध्ये, फेरीबोटींच्या रस्त्यात आणि जाळ्यांच्या भागात पायलट बंद. आपल्याकडे किनाऱ्याजवळ डोल जाळी लावलेली असतात, वर नुसते फ्लोट नाहीतर काठीला बांधलेलं फडकं, उन्हाच्या झळाळीत ते शंभर मीटरवरून पण दिसत नाही. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली की तर जास्तच. कोळ्यांच्या बोटीच्या एका तांडेलाने आम्हाला एकदा आवाज देऊन वळवलं होतं, "ओ दादा, हात कुठेत तुमचे?" एवढंच म्हणाला. हात चिवड्यात होते.

ज्यांच्याकडे जीपीएसला जोडलेला पायलट आहे त्यांनी ट्रॅक मोडमध्ये, म्हणजे आखलेल्या रेघेवर चालवताना, तीन गोष्टी पाळा. वेपॉइंट, म्हणजे जीपीएसमध्ये टाकलेला जायचा बिंदू, कधी बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर) किंवा दीपस्तंभावर टाकू नका, बाजूला मोकळ्या पाण्यात टाका, कारण पायलट इतका अचूक असतो की तो खरंच जाऊन त्या बोयाला धडकतो. आणि दोन वेपॉइंटमधली सरळ रेघ मोठी झूम करून बघा, थळच्या खडकांवरून गेलीये का. तिसरी गोष्ट, जीपीएसचा आकडा दर तासाला डोळ्यांनी ताडून बघा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा, खोली, काहीतरी. 1995 मध्ये रॉयल मॅजेस्टी नावाचं मोठं प्रवासी जहाज अमेरिकेत नँटकेटजवळ वाळूत रुतलं, जीपीएस अँटेनाची वायर निघाली होती, यंत्र गुपचूप अंदाजाने जागा दाखवत राहिलं आणि ऑटोपायलट त्या अंदाजावर इमानेइतबारे चालत राहिला, जहाज आपल्या रस्त्यापासून 17 मैल लांब. परत वायरच, बघा.

पाण्यात पडण्याचं काय. पायलटवर असलेली बोट थांबत नाही. 5 नॉट्स म्हणजे सेकंदाला अडीच मीटर, कपड्यांसकट तेवढं पोहणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. म्हणून एकटं कोणी वर असेल तर हार्नेस आणि टेदर, म्हणजे त्याला बोटीशी जोडणारा पट्टा, अडकवलेलाच, लाइफ जॅकेट अंगात, लघवीला कडेला उभं राहणं बंद. मागे दोरी सोडून तिच्या ओढीने पायलट पिनवरून निघेल अशी जुनी युक्ती आहे, आम्ही करून बघितली, हळू असताना जमते, वेगात दोरी हाताला लागतच नाही, तिच्यावर विसंबू नका. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा चॅनल 16 चालू ठेवा आणि कोस्ट गार्डचा 1554 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

आणि सराव. बोटीवर नवीन आलेल्या प्रत्येकाला, पाहुण्यालासुद्धा, निघायच्या आधी डोळे मिटून स्टँडबायचं बटण शोधून दाबायला लावतो, मग रॅम पिनवरून उचलायचा, मग टिलर हातात. क्रम हाच, आधी स्टँडबाय. ऑटोवर असतानाच उचललात तर तो कोर्स सापडत नाही म्हणून रॅम पूर्ण बाहेर काढून बसतो आणि परत बसवायला जाल तर पिनवर येतच नाही. मोठ्या जहाजांनाही नियम आहे की ऑटोपायलट बराच वेळ वापरला की हाताचं सुकाणू चालवून तपासायचं, आम्ही तासाला एकदा पाच मिनिटं हाताने चालवतो. टिलर अचानक जड झाला असेल, वारा वाढला असेल, प्रवाह फिरला असेल, ते हाताला कळतं.

चाक आणि हायड्रॉलिक पायलटवाल्यांसाठी थोडक्यात, कारण माझा हात तिथे कमी फिरलाय. तेलाची पातळी, पाइपच्या जोडांवर ओलसरपणा, आणि चाक स्पंजासारखं मऊ लागत असेल तर सिस्टीममध्ये हवा आहे, ती ब्लीड करून काढा. तेल मॅन्युअलमधलंच. जोडांचे नट-बोल्ट, स्प्लिट पिन आणि सुकाणूचा सेन्सर हलवून बघा, सेन्सरचा एक स्क्रू ढिला असला तरी पायलट वेड्यासारखा वागतो. आणि इमर्जन्सी टिलर नुसता कुठल्यातरी कप्प्यात आहे एवढं पुरत नाही, एकदा बसवून चालवून बघा.

आमच्या पायलटच्या पिशवीत सध्या एवढं असतं: दोन फ्यूज, एक जास्तीची पिन, सिलिकॉन ग्रीसची डबी, कॉन्टॅक्ट क्लीनर, छोटा मल्टीमीटर, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे. पायलट मेलाच तर शिडं बॅलन्स करून टिलर त्या पट्ट्यांनी दोन्हीकडून ताणून बांधायचा, वाऱ्याच्या बाजूचा पट्टा जरा जास्त घट्ट. गेल्या जानेवारीत रेवदंड्याहून येताना असेच दोन तास आलो, एकाने पट्टा धरलेला, बाकीचे बरणी फिरवत.